बंटीच्या कार्डावर पुष्कर

ऐक बरं गड्या, नुसतं ऐक. मधात तोंड घालू नको. चहा थंड झाला तर दुसरा सांगू, पण आधी हे ऐक. आपला पुष्कर हाय ना, विश्वंभर काकांचा? बी.एस्सी. केमिस्ट्री, चष्मा घसरला की हात न लावता नुसतं नाक वर करून बसवणारा? त्याचं सांगून राहिलो.

तर एका दुपारी पुष्कर घरी वरणभात कालवून राहिला होता आन् फोन आला. "अभिनंदन सर! तुमचं सिलेक्शन झालेलं आहे." आपण अर्ज कुठं केला होता तेच पुष्करला आठवेना. पण अभिनंदनाला 'काहून?' असं कोण विचारतं? समोरचा म्हणला, "मी देविदास बोलतो सर, उज्ज्वल मनुष्यबळ सेवा, हिंगोली. पोस्ट क्वालिटी ॲनालिस्ट. लोकेशन तुमच्या घराजवळच. स्वरूप तात्पुरतं आहे, पण सर, या जगात तात्पुरतं काय नाही?"

फोन स्पीकरवर होता. विश्वंभर काका सकाळी देवळातली पूजा करतात, दुपारी पतसंस्थेत कारकुनी, तेवढ्यात जेवायला घरी आलेले. त्यांना ते शेवटचं वाक्य लईच आवडलं. म्हणले, "माणूस वाचन असलेला दिसतोय. घेऊन टाक." सरला काकूंनी देवापुढं साखर ठेवली. असा आपला पुष्कर नोकरीला लागला, हातातला भात वाळायच्या आत.

नोकरी कुठं? वसमतहून कुरुंद्याकडं जाताना पुनमचंद सेठचा हळद पावडरीचा कारखाना लागतो ना, तिथं. पुष्कर इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर. गेटवर उत्तमसिंग. त्याची दाढी बघितली की माणूस आपोआप रांगेत उभा राहतो. तो म्हणला, "कार्ड?"

पुष्करनं देविदासला फोन लावला. देविदास म्हणला, "सर, तुमचं कार्ड प्रोसेसमध्ये आहे. तोपर्यंत गेटवर एक कार्ड ठेवलेलं आहे, ते वापरा."

त्या कार्डावर नाव होतं बंटी. फोटोत कुरळ्या केसांचं, बारीक मिशीचं, कुणाला तरी डोळा मारल्यासारखं हसणारं एक पोरगं. पुष्कर म्हणला, हे मी न्हाई. उत्तमसिंगनं कार्ड बघितलं, पुष्कर बघितला, परत कार्ड बघितलं, आन् म्हणला, "चश्मा कब लगा लिया रे?" आन् गेट उघडलं.

झालं. आत गेला तो बंटी.

आता तू म्हणशील, सांगायचं ना सरळ की मी पुष्कर. सांगितलं की! पयल्या दिवशी त्यानं दिसंल त्याला सांगितलं. पण कारखान्यात एकदा गळ्यात कार्ड पडलं की तोंडाला कोण विचारतं? चहावाला बिनसाखरेचा चहा देऊन गेला, काहून की बंटी बिनसाखरेचा पितो. जेवणाच्या सुट्टीत हमालांनी त्याच्या डब्याच्या झाकणात हिरव्या मिरच्या टाकल्या, काहून की बंटीला लागतात. पुष्करच्या घरी भाजीत मिरची नुसती दाखवतात, तुला माहीत हाय. डोळ्याला पाणी आलं तर हमालांचा मुकादम जळबा म्हणला, "बंट्या, घरची याद आली काय बे?"

आन् पुष्कर कसा हाय ते ठाऊक हाय ना तुला? दुसरा कुणी असता तर वैतागला असता. ह्याला लागली उत्सुकता. हा बंटी हाय तरी कोण? गेला कुठं? गोड काहून खात न्हाई? हळूहळू त्याला एक एक कळून राहिलं. बंटीला शिट्टी लई भारी वाजवता येती. आन् ती शिट्टी म्हणजे काही छंद न्हवता, ती कारखान्याची यंत्रणा होती. चक्कीच्या आवाजात हाका ऐकू येत न्हाईत. त्यामुळं पोतं भरत आलं की बंटी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा आन् वर पावडर सोडणारा माणूस ती बंद करायचा. क्वालिटी ॲनालिस्टचं खरं काम म्हणजे हे. प्रयोगशाळा म्हणजे चक्कीशेजारची एक खुर्ची.

पुष्करला शिट्टी येत न्हाई. भटजीच्या घरात शिट्टी कुकरचीच. पोतं भरलं. पुष्करनं दोन बोटं तोंडात घातली आन् फुंकलं. नुसतं फुस्स. परत फुंकलं, थुंकी उडाली. वरचा माणूस निवांत. मग पुष्कर हात हलवत पुढं गेला, आन् वरून जी हळद आली, गड्या, जी हळद आली! पोतं झाकलं, खुर्ची झाकली, बी.एस्सी. केमिस्ट्री झाकली. जळबानं आत हात घालून चाचपडून त्याला बाहेर काढला. चष्मा काढला तर डोळ्याभोवतीचे दोन गोल तेवढे गोरे. बाकी देवळातल्या खंडोबासारखा पिवळाधमक.

आन् हे सगळं कधी? तर दुसऱ्याच दिवशी कळमनुरीला पोरगी बघायला जायचं होतं तवा.

घरी आल्यावर सरला काकूंनी आधी हंबरडा फोडला आन् मग पदर खोचला. शेजारच्या कमलमावशी दवाखान्यात सिस्टर होत्या, त्या म्हणल्या खोबरेल चोळा. समोरचे म्हणले लिंबू. वरच्या मजल्यावरच्यानं गॅलरीतूनच रॉकेल सुचवलं, पण आजकाल रॉकेल मिळतं कुठं ह्यावरच खाली चर्चा झाली आन् ती लांबली. काकूंनी सगळं क्रमानं केलं. तेल झालं, लिंबू झालं, बेसन झालं. पिवळा हटेना. शेवटी काकांची धोतरं ज्या धुण्याच्या सोड्यात निघतात तो सोडा आणला आन् मानेवर, हातावर खसाखसा घासला.

आता सांग, हळदीला सोडा लागला की काय होतं? कुंकू होतं! लाल! शाळेतलं पोरगंही सांगंल. पुष्करनं तर कॉलेजात ह्याच प्रयोगाचं बक्षीस घेतलेलं. पण आई डोकं धरून घासून राहिली असली की डोक्यातली केमिस्ट्री कुठं चालती? आरशात बघितलं तर तोंड पिवळं, मान लाल. पुष्कर हळू आवाजात म्हणला, "आई, हे अल्कलीमुळं झालं." काकू म्हणल्या, "कुणामुळं का होईना, कॉलर वर करून बस."

एसटीत बसले तिघं. कंडक्टर म्हणला, "नवरदेवाला खिडकी द्या रे!" मागून एका बाईनं विचारलं, वऱ्हाड कोणत्या गाडीत हाय? काका खिडकीबाहेर बघू लागले. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिनं पुष्करला वरपासून खालपर्यंत बघितलं आन् कपाळाला हात लावला. "आरं लेकरा, हळद लागलेल्या अंगानं वेस वलांडून कुटं निगालास? आन् हातात लोखंड बी न्हाई?" तुला माहीत हाय ना आपल्याकडं, हळद लागली की पोराला घराबाहेर सोडत न्हाईत, आन् सोडलंच तर हातात कट्यार न्हाईतर अडकित्ता पायजे, बाहेरचं काही लागू नये म्हणून. म्हातारीनं पिशवीतून स्वतःचा अडकित्ता काढला आन् त्याच्या मुठीत कोंबला. "धर. सोडू नगंस." पुष्करनं सांगायचा प्रयत्न केला की आज्जी, मी नोकरीला आहे. म्हातारी म्हणली, "आसशील की. धर." आन् मधल्या फाट्यावर उतरून गेली. अडकित्ता राहिला पुष्करच्या हातात. तो धावत दारापर्यंत गेला, पण गाडी सुटली.

तर डोळ्यापुढं आण. कळमनुरी. पोरीच्या घरची बैठक. सतरंजी, पोहे, बडीशेप. दारात उभं राहिलेलं स्थळ: तोंड पिवळं, मान लाल, हातात अडकित्ता.

पोरीचं नाव अनुश्री. वडील अबोल. कारभार मामाचा. मामा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. सफारी, काखेत चामड्याची बॅग. त्यांच्या हिशेबी माणसाच्या दोनच जाती: पर्मनंट आन् इतर. ते बराच वेळ पुष्करकडं बघत राहिले.

"हे हातात काय?"

"अडकित्ता."

"बरं. आणि हळद कुठं लागली?"

"वसमतला," पुष्कर म्हणला. खरं तेच सांगितलं बिचाऱ्यानं.

आतल्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. मामा काकांकडं वळले. "गुरुजी, तुम्ही शास्त्र जाणता. एका पोराला दोन ठिकाणची हळद चालते का?"

आता ह्यावर काकांनी रागवायचं की न्हाई? पण शास्त्राचा प्रश्न आला की काकांना राहवत न्हाई. ते म्हणले, "तसं पाहिलं तर पहिला विधी अपूर्ण राहिला असेल तर…" काकूंनी असा चिमटा काढला की काका पुढचं वाक्य विसरले.

मग पुष्करनं सगळं सांगितलं. चक्की, शिट्टी, पोतं, सोडा, म्हातारी. कारखाना म्हणल्यावर मामांची भुवई जागेवर आली. "कारखान्यात? पर्मनंट?" पुष्कर म्हणला, "एजन्सीमार्फत." भुवई परत वर गेली.

तेवढ्यात अनुश्री चहा घेऊन आली. तिनं कप ठेवला, पुष्करकडं नीट बघितलं आन् विचारलं, "चक्कीपाशी शिंका येत नाहीत का?"

गड्या, नोकरी लागल्यापासून ह्याला पगार किती, सुट्टी कधी, पुढं काय हे सगळ्यांनी विचारलं होतं. पण तिथं नेमकं काय होतं, हे कुणी विचारलं न्हवतं. पुष्कर म्हणला, "पयल्या दिवशी येतात. मग नाक कंटाळतं." ती हसली. म्हणली, "मी ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तास झाला की मी त्या कॉलेजची नाही. खडू पण घरून नेते." बस, एवढंच. पण आपला पुष्कर तिथंच गेला कामातून. पोह्यातली मिरची चावली ते सुद्धा कळलं न्हाई त्याला.

मामांनी निकाल दिला. "हे पहा, पोरगा बरा दिसतो, म्हणजे रंग उतरल्यावर दिसेल. पण माझ्या भाचीला मी हवेतल्या माणसाला देणार नाही. मी येत्या आठवड्यात कारखान्यावर येतो. तिथल्या एका माणसानं, फक्त एका माणसानं, माझ्यासमोर म्हणावं की होय, हा आमचा माणूस. दुसरं काही नको."

काका म्हणले, अगदी रास्त. पुष्करला पण सोपंच वाटलं. एवढ्या मोठ्या कारखान्यात एक माणूस न्हाई मिळणार?

तर तो गेला मॅनेजरकडं. मॅनेजर म्हणला, "म्हणलं असतं रे. पण तू आमचा न्हाईसच. तू एजन्सीचा. आमी तुला आमचा म्हणलं तर उद्या तू कोर्टात जाशील." पुष्कर म्हणला, मी कशाला जातो, मला लग्न करायचंय. मॅनेजर म्हणला, "सगळे आधी तसंच म्हणतात."

मग फोन देविदासला. "सर, तुम्ही क्लायंटचे. आम्ही फक्त पूल आहोत, सर." पुष्कर म्हणला, पुलावर मी उभा हाय, मला कोणत्याही काठाला उतरवा. देविदास म्हणला, "सर, मी मीटिंगमध्ये आहे."

मग पुष्कर रजा काढून हिंगोलीला गेला. रजा पण बंटीच्या नावावरच पडली म्हणे. एका फोटो स्टुडिओच्या वर ऑफिस. बोर्ड केवढा! आत एकच टेबल, आन् ते पण अर्धं लायसन काढून देणाऱ्या एजंटचं. ह्या अर्ध्यावर देविदास. फोनवर केवढा मोठा साहेब वाटायचा, आन् निघाला आपल्याच वयाचा. गळ्यात टाय, टेबलाखाली स्लिपर. पुष्करला बघून बिचारा उभाच राहिला, काहून की त्याच्याकडं प्रत्यक्ष कुणी येतच न्हाई.

पुष्कर म्हणला, "फक्त एवढं म्हणा की हा आमचा माणूस. फोनवर म्हणलं तरी चालंल."

देविदासनं इकडं तिकडं बघितलं आन् आवाज खाली आणला. "सर, मनापासून सांगू? मी म्हणलो असतो. पण 'आमचा' म्हणायला आधी मी कुणाचा तरी पाहिजे ना? मला पण पुण्याच्या एका एजन्सीनं इथं लावलंय. तीन महिन्याला रिन्यू. हा टाय पण परत द्यायचाय." मग म्हणला, "पोरगी कशी आहे, सर?"

पुष्करला त्याचा राग पण येईना गड्या. दोघांनी खाली जाऊन भजी खाल्ली. निघताना देविदास म्हणला, "काळजी करू नका, नवीन काही आलं तर पयला फोन तुम्हाला."

आता राहिला जळबा. जळबाला म्हणलं तर तो खुश. "मी म्हणतो की! त्यात काय? बंट्या आमचाच हाय."

"बंटी न्हाई, जळबा भाऊ. पुष्कर."

"तेच की. पु… पुस्कर. बंट्या."

दोन दिवस तालीम चालली. जळबा पोती वाहता वाहता म्हणायचा, "पुस्कर आमचा मानूस, पुस्कर आमचा मानूस," आन् पोतं टाकलं की हाक मारायचा, "बंट्या, पानी आन!" शेवटी जळबाच कंटाळून म्हणला, "आरं, तू बंटीलाच इचार, नाव वापस घेतो काय ते," आन् बंटीचा नंबर दिला.

पुष्करला हेच पायजे होतं. इतके दिवस ज्याच्या मिरच्या खाल्ल्या तो माणूस! फोन लावला. तिकडून आवाज आला, "कोन?"

पुष्कर म्हणला, "मी… म्हणजे तुमच्या कार्डावर मी काम करून राहिलो. वसमतला."

तिकडं असा हसला तो! "म्हंजे तू मी हायस? कसा हाय मी? बरा हाय ना?" बंटीला एजन्सीनं पुण्याच्या गोदामात धाडलं होतं. "हितं माझ्या गळ्यात प्रियंकाचं कार्ड हाय. फोटोवर चिकटपट्टी लावलीया. साहेब लोक मला मॅडम म्हनून मेल टाकतात, माझ्या बी ध्यानात न्हाई राहत की मी बंटी हाय." मग आवाज जरा बदलला. "हितं करमत न्हाई रे. आय एकटी हाय कुरुंद्याला. सेठ म्हनला होता, जागा निघाली की पर्मनंट करीन. जागा सांभाळून ठेव गड्या. मी येतो."

पुष्कर म्हणला, ठेवतो. आता ह्यात त्यानं काय मोठं वचन दिलं? फोनवर कुणी म्हणलं की माणूस 'व्हय' म्हणतोच ना.

आन् आला तो दिवस. मामा रिक्षातून उतरले. सफारी, काखेत बॅग, खिशाला पेन. संगं अनुश्री. तिला म्हणे चक्की बघायची होती. मामांनी उत्तमसिंगला विचारलं, "इथं पुष्कर नावाचा कर्मचारी आहे का?"

उत्तमसिंग म्हणला, "पुष्कर? यहाँ कोई पुष्कर नहीं है साब."

मामांनी बॅगेतून कागद काढला, पेन काढलं. "नाही? लिहून घेतो. आपलं नाव? आपण स्वतः कुणाचे कर्मचारी?"

गड्या, आता बघ. सफारी घातलेला माणूस, चामड्याची बॅग, आन् गेटवर उभा राहून विचारतोय की तू कुणाचा कर्मचारी. उत्तमसिंगची दाढी थरथरली. तो मागं न बघता आत पळाला आन् मॅनेजरच्या कानात म्हणला, लेबर हाफिसर आया है!

बस! चक्की बंद. मॅनेजर एका बाजूनं शर्ट खोचत आला. कुणीतरी हमालांना तोंडाला बांधायचे मास्क वाटले, ते पाकिटातच इतके दिवस झोपलेले होते, एकाचा रबर तुटला. पुनमचंद सेठ स्वतः बाहेर आले, हात जोडून. मागं नारळपाणी. मामांना वाटलं, वा, पोराचा मान दिसतोय. ते खुर्चीत बसले आन् खड्या आवाजात म्हणले, "मला एकच विचारायचं आहे. हा मुलगा तुमचा माणूस आहे की नाही?"

पुष्कर चक्कीजवळ उभा. पिवळा तर होताच.

सेठ म्हणले, "आमचाच साहेब! घरच्यासारखा! सगळे आमचेच. एजन्सी वगैरे आमाला ठाऊकच न्हाई." आन् जळबाकडं बघितलं. जळबानं छाती भरून श्वास घेतला, एवढी तालीम वाया जाऊ द्यायची न्हवती त्याला. "व्हय साहेब. हा आमचा मानूस. हा आमचा पु… पुस… बंटी!"

"बंटी?" मामा म्हणले.

"बंटी, बंटी!" सेठनी घाईनं दोर पकडला. त्यांना गळ्यातलं कार्ड दिसून राहिलं होतं. "आमचा जुना माणूस साहेब. तुमच्या समोर सांगतो, आजपासून बंटी पर्मनंट! मॅनेजर, लिहा. रजिस्टरला घ्या. बंटी, पेढे वाट रे!"

हमालांनी टाळ्या वाजवल्या. मामांचा चेहरा बघायला पायजे होता. 'पर्मनंट' शब्द ऐकून डोळ्यात पाणी, आन् 'बंटी' ऐकून कपाळाला आठी. ते अनुश्रीकडं वाकून म्हणले, "लाडाचं नाव असेल. असतं एकेकाचं."

म्हणजे झालंच होतं की रे! पुष्करनं नुसतं गप्प उभं राहायचं होतं. पर्मनंट मिळालं, माणसं 'आमचा' म्हणली, मामा वितळले. नाव काय, पुढं बघता आलं असतं. काका तर म्हणलेच असते, नाव हे देहाचं, आत्म्याला काय!

पुष्करनं नाक वर केलं, चष्मा बसवला आन् म्हणला, "सेठजी, बंटी मी न्हाई. बंटी पुण्यात हाय. ही जागा त्याची हाय, तो येणार हाय."

"मग तू कोण?" सेठ म्हणले.

"मी पुष्कर."

सेठनी मॅनेजरकडं बघितलं. मॅनेजरनं छताकडं. जळबानं पायाकडं. सेठ म्हणले, "मग हा माणूस कुणाचा?"

चक्की बंद, त्यामुळं एवढी शांतता की बाहेर रिक्षावाला तंबाखू मळून राहिला होता तो आवाज येत होता. पुष्कर एवढा पिवळा, पण त्या क्षणी त्याला वाटलं आपण कुणाला दिसतच न्हाई.

मग एक शिंक आली. अनुश्रीची. मग दुसरी. तिनं रुमालानं नाक पुसलं आन् म्हणली, "कुणीच म्हणत नसेल तर आमचा लिहा."

"अनू!" मामा ओरडले. "आपण नुसतं बघायला आलोय!"

"बघितलं ना," ती म्हणली.

आता सेठना शंका आली. "साहेब, आपण कोणत्या ऑफिसातून?"

"ऑफिस कसलं? मी मुलीचा मामा."

सेठनी नारळपाणी परत उचललं, गड्या. खरंच उचललं. मामांच्या हातातलं न्हाई, पण मॅनेजरच्या हातातलं तरी उचललंच. "चालू करा रे चक्की! आन् ह्याचं कार्ड काढून घ्या!" उत्तमसिंगनं पुष्करच्या गळ्यातलं कार्ड काढलं. काढताना हळूच म्हणला, "चश्मे में अच्छा दिखता था तू." मामा कपाळ पुसत बसलेले. भाची 'आमचा' म्हणून बसली होती आन् पोराच्या गळ्यात कार्ड सुद्धा उरलं न्हवतं. ते म्हणले, "अहो, पण नोकरी? आज संध्याकाळी मी घरी काय सांगू? हा काय करतो?"

तेव्हा जळबा पुढं आला. पोती ओढायची आकडी त्यानं पुष्करसमोर धरली. "माझ्या टोळीत ये. एक गडी कमी हाय. टोळीत घ्यायला ना सेठ लागत, ना एजन्सी. टोळीनं घेतला की मेल्याशिवाय सोडत न्हाई. तुझ्या नावानं घेतो. पुस… जे काय हाय त्या नावानं." बाकीचे हमाल मान हलवून राहिले. एकानं तर खांद्यावरचं फडकं काढून पुष्करच्या खांद्यावर टाकलं सुद्धा. आता बी.एस्सी. झालेला भटजीचा पोरगा पाठीवर पोतं घेणार, काका काय म्हणतील, मामा काय म्हणतील, आन् त्याच्या त्या काडीसारख्या पाठीला पोतं काय म्हणंल?

आन् तेवढ्यात फोन वाजला. पुष्करनं बघितलं. देविदास. वरच मेसेज येऊन पडलेला: 'सर, पयला फोन तुम्हाला. लॅब इनचार्ज. लोकेशन कळमनुरी. उद्याच हजर व्हा. कार्ड तयार आहे, दुसऱ्या नावाचं आहे, ॲडजस्ट करा.'

कळमनुरी, गड्या! तिच्याच गावात! खुर्ची, लॅब, मामांना सांगायला इनचार्ज हा शब्द. फक्त नाव दुसऱ्याचं.

एका हातात फोन वाजून राहिलेला. समोर जळबाची आकडी. मामा त्याच्याकडं बघून राहिले, हमाल बघून राहिले, सेठ पण जाता जाता थांबले. अनुश्री रुमाल नाकाला लावून उभी. ती काही बोलली न्हाई, काही खुणावलं न्हाई. तिला पण बघायचंच होतं.

पुष्करनं काय केलं ते सोड. तू असतास ना त्या जागी, पिवळाधमक, फोन वाजून राहिलेला, आन् ती समोर उभी, तर तू काय केलं असतंस?